मागितलेलं पाणी

मैदानावर पाय ठेवण्याआधी ते चपला काढत. कडेच्या बाभळीच्या मुळाशी ठेवत.

फक्कीची रेघ मारताना उलटे चालत. तेवढा वेळ बोलत नसत. रेघ संपली की साचलेलं सगळं एकदम बोलत.

चहा बशीत ओतला की पहिली बशी समोरच्याला देत. समोर कुणी नसलं तर थांबत, कुणी येतं का ते बघत.

चुन्यानं बोटं फाटत. त्यांना जवसाचं तेल लावत आणि मग ते तेल मिशांनाही पुशीत.

खुर्चीत बसत नसत. "खुर्चीत मानूस आखडते," म्हणत.

मुलांना नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. "ओ रिसोड, तुह्या बुटाची नाडी सुटली." "काय गा किन्हीराजा, आज मायनं डब्यात काय देल्लं?" मी मेडशीचा. चार वर्षं मी मेडशी होतो. नंतर आमच्या गावचा दुसरा मुलगा आला, तेव्हा मोठी मेडशी झालो.

जानराव पडघान गेल्या गुरुवारी पहाटे वारले. वय बावन्न-त्रेपन्न. मालेगावच्या एस.टी. स्टँडवर उदयसिंग राठोडनं मला सांगितलं. तो आमच्या लाइनीवर कंडक्टर आहे. गाडी सुटायची होती. तो फलाटावर उतरला, माझा हात धरला आणि म्हणाला, "जानरावभाऊ गेले." मग त्यानं घंटी मारली आणि गाडी गेली. मी तिथेच उभा राहिलो. मला जायचं होतं ती गाडी तीच होती.

दुसऱ्या गाडीनं गेलो. घरी वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "चहाले हाक मारली तं उठलेच नाही. लबाडी केली. जन्मात पयल्यांदा माह्या आंधी नाही उठले."

मी मराठी घेऊन बी.ए. झालो. त्याचा इथे काही उपयोग होत नाही. जे पाहिलं तेवढं लिहितो.

जानरावभाऊ किन्हीराजाचे. चौथी शिकले. छप्पन साली घरच्यांबरोबर धम्म घेतला. त्यानंतर गावकीची कामं घरानं बंद केली, म्हणून ते रस्त्याच्या कामावर गेले. तिथे एका ओव्हरसिअरनं त्यांना दोरी न लावता सरळ रेघ मारायला शिकवलं. बासष्ट साली या गावात आमचं कॉलेज निघालं. चार खोल्या आणि एक उतार एवढंच होतं. त्या उताराचं मैदान जानरावभाऊंनी केलं. मग मैदानाबरोबर तेही राहिले. 'तात्पुरता शिपाई' असा त्यांचा हुद्दा होता. कायम करण्याचा अर्ज ते दर जूनमध्ये देत. दर जूनमध्ये अर्ज नवा लागत असे.

मैदानावर एक रांजण होता. तो भरायचं काम लखमा नावाच्या दुसऱ्या शिपायाचं होतं. जानरावभाऊंनी भरू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. भरावा असंही कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांना कळत होतं.

पासष्ट साली लखमा लग्नाला गेला. त्या दिवशी खो-खोचा सामना होता. रांजण कोरडा. रिसोडचा गोपीचंद कप्तान होता. तो धापा टाकत आला आणि म्हणाला, "जानरावभाऊ, पानी काहून नाही?"

"लखमा नाही."

"तुमचे हात कोनी भाड्यानं नेले का?"

जानरावभाऊंनी कावड उचलली. वसतिगृहाची विहीर तीनशे पावलांवर आहे. रांजण भरला. गोपीचंद प्याला. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. आठवडाभर काही मुलं तहान लागली की वसतिगृहापर्यंत जाऊन पिऊन येत. दिवस ऑक्टोबरचे. नवव्या दिवशी कुणीही जाईना. सगळे रांजणावर आले.

ही गोष्ट सांगताना ते हसत. "भाषनं लय झाली असतीन गावात. पन काम उनानं केलं."

तेव्हापासून रांजण त्यांचा झाला. लखमालाही बरंच वाटलं. त्याला कावडीचा कंटाळा होता.

सत्तर साली काळबांडे सर आले. खेळाचे सर. उंच, पिळदार, आवाज खणखणीत. पहिल्याच वर्षी कबड्डीची ढाल आली. दुसऱ्या वर्षी कुस्तीत दोन पदकं. गावाला कॉलेज असल्याचं तेव्हा खरं कळलं. न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर सरांचा फोटो लागला. सर बाजारातून निघाले की दुकानदार उठून उभे राहत.

सर मारत. पोटऱ्यांवर वेताच्या छडीनं मारत. भर दुपारी फेऱ्या मारायला लावत. सामना हरलेल्या मुलांना परतीच्या एस.टी.त उभं ठेवत, जागा असली तरी. हे सगळ्यांना माहीत होतं. स्टँडवरच्या हॉटेलात लोक कौतुकानं सांगत. "मारते म्हनूनच त घडते. आमच्या पोट्ट्याले म्या सरच्या हवाली केलं अन् म्हनलं, हाडं माहे, मास तुमचं." मी ते ऐकत असे. मीही हसत असे.

त्र्याहत्तरच्या पोळ्याला एका मुलाची पाठ छडीनं सोलली गेली. तो नाला ओलांडताना पडला असं त्यानं घरी सांगितलं. जानरावभाऊंनी पाठ पाहिली. दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, ते प्राचार्यांच्या घरी गेले.

प्राचार्य पांढरीपांडे संस्कृतचे. सज्जन माणूस. कुणाला मोठ्यानं बोलल्याचं आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जानराव, तू रेघा आख. खेळाडू काळबांडे आखतील."

जानरावभाऊ मैदानावर आले. कबड्डीची पूर्ण चौकट आखली. मग मला हे सांगितलं. मी विचारलं, "मग आता?"

"आता काय? रेघा आखू."

उदयसिंग तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. मेडशीच्या पलीकडच्या तांड्यावरचा. त्याला जानरावभाऊ 'तांडा' म्हणत. बुटका, चपळ, कुस्तीत अंग पाण्यासारखं सुटायचं. नागपूरला विद्यापीठाच्या कुस्त्या होत्या. सरांनी त्याला बावन्न किलोच्या गटात घालायचं ठरवलं. तो पंचावन्न भरला. सर म्हणाले, तीन किलो म्हणजे नुसतं पाणी आहे. दोन दिवसांत निघेल.

पहिल्या दिवशी त्याला घोंगडी गुंडाळून पळवलं. पाणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर बाभळीखाली आले. "जानराव, रांजण ओतून दे. उलटा घाल. हा पोरगा चोरून पितो. आज कुणालाच पाणी नाही."

जानरावभाऊंनी रांजण ओतला. उलटा घातला.

दुपारी बाराच्या सुमारास उदयसिंग फेरी सोडून बाभळीपाशी जानरावभाऊंकडे आला. ओठ पांढरे पडलेले. मी पलीकडच्या कट्ट्यावर वाचत होतो. दोघं काहीतरी बोलले. काय ते ऐकू आलं नाही. उदयसिंग परत पळायला गेला. तिसऱ्या कोपऱ्यावर पडला. उठला नाही.

त्याला बाजेवर घालून आम्ही रस्त्यापर्यंत नेलं. एका जीपनं दवाखाना, तिथून अकोला. लघवी बंद झाली होती. पाच दिवस काही खरं नव्हतं. जानरावभाऊ बाजेचा एक पाय धरून रस्त्यापर्यंत आले. जीप निघून गेल्यावर बराच वेळ त्यांचा हात तसाच राहिला, काहीतरी धरल्यासारखा.

गावाची पहिली प्रतिक्रिया सरांच्या बाजूची होती. ऊन लागलं. पोरगं कमजोर निघालं. तांड्यावर खायला काय मिळतं? हॉटेलात हेच चाललं होतं. सरांच्या पाठिंब्यासाठी एक मिरवणूक निघाली. बँडवाल्यांनी फुकट वाजवलं. त्यात ज्यांची मुलं सरांचा मार खात होती तेही होते.

मग तांडा आला. चाळीसएक माणसं. कॉलेजच्या फाटकासमोर येऊन बसली. घोषणा नाहीत, काही नाही. पुढे उदयसिंगचे वडील भाऊसिंग, लाल पागोटं घातलेले. आई रुपाबाई अकोल्याला मुलाजवळ होती. मुलं आत जाताना त्यांना ओलांडून जात. दुसऱ्या दिवशी काही मुली आत गेल्याच नाहीत. त्यांच्याशेजारी बसल्या. अकोल्याच्या पेपरात बातमी आली. तेव्हा संस्थेनं चौकशी समिती नेमली. संस्थेचे अध्यक्ष, एक वकील आणि एक निवृत्त हेडमास्तर. माझं अक्षर बरं होतं. जबान्या लिहायला मला बसवलं.

पहिली जबानी सरांची झाली. सर शांत होते. म्हणाले, मी पाणी बंद केलं नव्हतं. रांजण होता. पण तो जानराव भरतो. मुलगा तांड्यावरचा, जुन्या वळणाचा. त्याला जानरावच्या हातचं पाणी चालत नव्हतं. तो प्यायला नाही, त्याला मी काय करणार?

वकिलांनी मान हलवली. मी लिहिलं. लिहिताना मला ते खरं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. असं होत होतं आमच्याकडे. अजून होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. जे दोन दिवस गप्प होते त्यांना बोलायला विषय मिळाला. हॉटेलात लोक म्हणाले, "घ्या! शिवाशीव पाळून राह्यलं पोट्टं अन् नाव सरचं." आमचे इतिहासाचे सर वर्गात सामाजिक विषमतेवर बोलले. फाटकासमोरचा तांडा मान खाली घालून बसला. त्यांना वाटलं, असेलही. पोरानं केलंही असेल. आणि जानरावभाऊंच्या वस्तीतली तरणी मुलं चिडून त्यांच्या दारात आली.

"भाऊ, त्यानं तुमचं पानी नाही पेल्लं अन् तुमी गप बसून राह्यले? मोर्चा काढू."

"काढा," जानरावभाऊ म्हणाले. "पन उद्या जबानी हाये माही. परवा काढा."

त्या दुपारी हेडक्लार्क त्यांच्याकडे आले होते. मी तिथेच होतो. म्हणाले, "जानराव, नशीब काढलंस. तुझा कायमचा हुकूम टाइप झाला. साहेबांच्या टेबलावर आहे. फक्त तारीख घालायची राहिली." मग जरा थांबून म्हणाले, "तुला काही खोटं बोलायचं नाही. रांजण भरलेला होता, एवढंच सांग. सकाळी भरला होताच ना तू?"

"भरला होता."

"बस मग."

हेडक्लार्क गेल्यावर वच्छलाबाई बाहेर आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "कायम होऊन कराचं काय? त्याच झाडाखाली बसाचं."

"मी मेलो तं तुले काई तरी भेटन."

"अकरा वर्सं झाले, तुमी कायमच हाये. त्यायच्या कागदाले माहीत नाही एवढंच." त्या परत आत गेल्या. आतून म्हणाल्या, "अन् मराची घाई नका करू. सरपन फोडाचं हाये."

जानरावभाऊ हसले. पण हसू लगेच गेलं. मला वाटलं, ते हुकुमाचा विचार करताहेत. मला काहीच ठाऊक नव्हतं.

जबानी प्राचार्यांच्या खोलीत झाली. अध्यक्ष मधल्या खुर्चीत, बाजूला वकील आणि हेडमास्तर. कोपऱ्यात प्राचार्य आणि काळबांडे सर. जानरावभाऊंना खुर्ची दिली. ते उभे राहिले.

वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी रांजण भरला होतास?"

"भरला होता."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं.

"आणि उदयसिंग त्यातलं पाणी..."

"मंग म्या थो ओतला," जानरावभाऊ म्हणाले.

"काय?"

"रांजण. ओतला. उलटा घातला. सरनं सांगतलं, म्या ओतला."

काळबांडे सर उठले. अध्यक्षांनी हातानं बसवलं. वकिलांचा आवाज मऊ झाला. "जानराव, नीट आठव. तुझ्या मनाला लागलं असेल, आम्हाला समजतं. तो मुलगा तुझ्या हातचं पाणी पीत नव्हता. ही गोष्ट सांगायला लाज वाटायचं कारण नाही. लाज त्यांना वाटावी."

खोलीत सगळे त्यांच्याकडे दयेनं बघत होते. मीही. त्यांनी फक्त मान हलवायची होती.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "आठ वर्सं झाले, पोट्टे माह्या रांजणाचं पानी पेतात. आपल्या हातानं घेतात, पेतात. पन माह्या लोट्यातलं पानी आजवर कोनं मागलं नव्हतं. रांजण कॉलेजचा असते. लोटा माहा. त्या दिवशी उदयसिंग भाऊसिंग राठोडनं मागलं. हात जोडून. म्हने, भाऊ, तुमच्या लोट्यातलं एक घोट द्या. लोट्यात पानी होतं."

हेडमास्तर पुढे झुकले.

"म्या नाही देल्लं. म्हनलं, सरनं नाही म्हनलं. थो गेला अन् पडला."

वकील म्हणाले, "हे सांगितलंस तर तुझ्यावरच येईल."

"यिऊ द्या. माह्यावर जेवढं हाये तेवढंच लिवा. जास्त नोका लिवू. सरचं सरच्या नावानं लिवा." मग ते माझ्याकडे वळले. "लिव मेडशी. हात काहून थांबला?"

मी लिहिलं.

"अन् एक राह्यलं. पोळ्याच्या करीले म्या सायबाच्या घरी जाऊन सांगतलं होतं. पोट्ट्यायले मारून राह्यले म्हनून."

अध्यक्ष सावकाश प्राचार्यांकडे वळले. "असं काही झालं होतं?"

पांढरीपांडे सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. त्यांना 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. अध्यक्षांचा चेहरा तेच म्हणा असं सांगत होता.

"झालं होतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी त्याला रेघा आखायला सांगितलं."

समितीचा पहिला निर्णय दोन दिवसांत आला. जानराव पडघान, तात्पुरता शिपाई, यांनी खेळाडूस पाणी नाकारल्याचं कबूल केल्यामुळे त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. काळबांडे सर रजेवर. बाकी चौकशी सुरू.

ज्यानं खरं सांगितलं त्यालाच पहिल्यांदा काढलं, हे गावाला जरा वेळानं समजलं. हॉटेलात मी होतो. पेपर मोठ्यानं वाचणारे एक कापडदुकानदार होते, बँड त्यांनीच बोलावला होता. वाचता वाचता ते थांबले. "म्हंजे," ते म्हणाले, "पोट्ट्याले पानी नाही, अन् हे मले माहीत होतं." कुणीतरी म्हणालं, "तुमाले कसं माहीत?" "माहा पोरगाच होता ना बाप्पा त्या मैदानावर. घरी येऊन सांगतलं त्यानं. म्या म्हनलं, गप जेव." त्यांनी पेपर घडी करून ठेवला. त्यानंतर हॉटेलात सरांचं नाव फारसं निघालं नाही. न्हाव्यानं फोटो काढला नाही. त्याच्यावर कॅलेंडर लावलं.

मैदानावर मुलं जमली आणि खाली बसली. पुढच्या कुठल्याही सामन्याला कुणी जाणार नाही म्हणाली. लखमाला रेघा आखायला सांगितलं. तो म्हणाला, "मले उलटं चालता येत नाही." तो आयुष्यभर हुकूम पाळत आलेला माणूस. त्या दिवशी त्याचा आवाज बदलला होता.

भाऊसिंग वस्तीत आले ते त्याच आठवड्यात. एकटे आले. मोर्चा काढायला निघालेली मुलं दारांमध्ये उभी राहिली. भाऊसिंग थेट जानरावभाऊंच्या अंगणात आले आणि बसले.

"पानी पाज," म्हणाले.

वच्छलाबाईंनी लोटा दिला. भाऊसिंग वरून न ओतता, तोंड लावून पाणी प्याले. सगळं प्याले. पागोट्याच्या शेवानं मिशा पुसल्या.

"माह्या पोरानं मागलं होतं, हे तू सांगतलं," ते म्हणाले. "नाहीतं आमी जिंदगीभर खोटे पडलो असतो. मीच मानून बसलो होतो ना का पोरानं नाही पेल्लं असन."

जानरावभाऊंनी रिकामा लोटा उचलून बाजूला ठेवला.

"पन देल्लं असतं तं बरं झालं असतं."

"हाव," जानरावभाऊ म्हणाले. "बरं झालं असतं."

एवढंच. माफी कुणी मागितली नाही, दिली नाही. वच्छलाबाईंनी चहा केला. जानरावभाऊंनी पहिली बशी भाऊसिंगांना दिली. मग तुरीचं कसं आहे यावर दोघं बोलत बसले.

पंधरा दिवसांनी पांढरीपांडे सरांनी मुलांना मैदानावर बोलावलं. फाटक उघडं ठेवायला सांगितलं. गावातले लोकही आले, तांड्यावरचेही आले. सर उंच आवाजात बोलू शकत नसत. सगळ्यांना पुढे सरकावं लागलं. ते म्हणाले, "मला सांगितलं गेलं होतं. ढाली येत होत्या म्हणून मी ऐकलं नाही. मी आज राजीनामा दिला आहे. जानराव पडघान यांना परत घ्यावं, असं त्यात लिहिलं आहे." संस्कृत एक शब्द नव्हता. मग ते चालत घरी गेले. कुणीतरी टाळी वाजवली आणि कुणी साथ दिली नाही म्हणून ती थांबली.

अध्यक्ष अध्यक्षच राहिले. त्यांना काही झालं नाही. काळबांडे सरांवर खटला झाला. ते गाव सोडून गेले. काही लोक अजूनही म्हणतात, ते असते तर आपण विद्यापीठ जिंकलं असतं.

जानरावभाऊंना सव्वा महिन्यानं परत घेतलं. तात्पुरते म्हणूनच. टेबलावरचा टाइप केलेला हुकूम नंतर कुणाला सापडला नाही. दर जूनचा अर्ज पुन्हा सुरू झाला. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का?

"कायले? कायम मानूस एखांद्या दिवशी नाही आला तं चालते. मले रोज यावं लागते. म्हनून मैदान चांगलं हाये."

हे ते मला समजवायला बोलत नव्हते. ते खरंच बऱ्यापैकी सुखी माणूस होते. संध्याकाळी मुलं खेळून घरी गेली की बाभळीखाली उकिडवे बसून ते धूळ खाली बसताना बघत. मी असेन तर मलाही बसवत.

उदयसिंग बरा झाला. डॉक्टरांनी कुस्ती बंद केली. बी.ए. करून तो एस.टी.त लागला. त्याची गाडी कॉलेजवरून जायची तेव्हा तो ड्रायव्हरला सांगून अर्धा मिनिट थांबवी. खाली उतरे. जानरावभाऊंच्या लोट्यातलं पाणी पिई. "काय गा तांडा, गाडीत पानी नाही का?" "हाये ना. पन थे सरकारी हाये." प्रवासी ओरडत. दोघंही त्यांच्याकडे लक्ष देत नसत.

परत कामावर आल्याच्या पहिल्या दिवसापासून जानरावभाऊंनी एक मागणी लावून धरली होती. मैदानावर नळ पाहिजे. वसतिगृहाच्या हौदापासून पाइप आणायचा. नव्या प्राचार्यांना त्यांनी चार वर्षांत किती वेळा सांगितलं, मोजलं नाही. प्राचार्य म्हणत, रांजण आहे की. जानरावभाऊ म्हणत, "रांजण उलटा करता येते, साहेब. सरले येते, मलेही येते. नळ कोनालेच उलटा करता येत नाही."

यंदा संक्रांतीनंतर प्राचार्य कबूल झाले. संस्थेकडे जुना पाइप पडून होता. मजूर देणार नाही म्हणाले. जानरावभाऊ म्हणाले, मजूर कोनं मागला? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चर खणायला घेतला. हौदाकडून सुरुवात केली. रोज मैदानाचं काम आटोपलं की टिकाव घेऊन जात. खाली मुरूम. रोज चार-पाच पावलं होत, कधी दोन. शनिवारी खेळाडू मदतीला येत. त्यांना ते माती उपसू देत, खणू देत नसत. "तुमचे खांदे खेळाले ठेवा."

ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी मी त्यांना भेटलो. चर बराच पुढे आला होता, छातीएवढा रुंद, गुडघ्याएवढा खोल, दोरीसारखा सरळ. ते चरात उभे होते आणि समोर बघत होते. टिकावाला एक काळा धोंडा लागला होता. कडा सापडत नव्हती. दोन्ही बाजूंनी हातभर मोकळं केलं होतं, तरी धोंडा संपत नव्हता.

"डावीकून जाऊ का उजवीकून?" त्यांनी मला विचारलं.

मला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, "फोडता नाही येणार?"

"येते. पन कायले फोडाचा? त्याले त्याच्या जागी राहू द्या. पाइप वळते." ते धोंड्यावर हात ठेवून उभे राहिले. "पाहू. घाई नाही."

शुक्रवारी मी तिथे जाऊन आलो. धोंड्याच्या डाव्या बाजूला त्यांनी वीतभर खणलं होतं. उजव्या बाजूलाही वीतभर. त्यापुढे मैदानापर्यंत बावीस पावलं जमीन अजून तशीच आहे.